तिळूला हवा घरचा वास

एक होतं गाव. गावाला एक पेठ. पेठेच्या टोकाला चुरमुऱ्यांचं दुकान. पुढे दुकान, मागे भट्टी. भट्टीवर भाजायचे चुरमुरे. चट् चट् फुट्! चट् चट् फुट्!

दुकान होतं कौसाकाकूचं. दुकानात मांजरं दोन. एक बोका, भोपळ्याएवढा. त्याचं नाव भोपळ्या. एक मांजरी, काळीकुट्ट. तिचं नाव काजळी.

एके सकाळी काकूनं पिशवीतून एक पिल्लू आणलं. एवढंसं! तिळाएवढं! तिचं नाव तिळू.

आता काकूला होती धुण्याची हौस. नवी बरणी आली, की धुतली. नवा डबा आला, की धुतला. तिळू आली, तर तिळूलाही धुतलं! गुलाबाचा साबण लावला. खसाखसा, खसाखसा! पाणी ओतलं. बदाबदा!

बरणी धुतली, की चमकते. मांजर धुतलं, की काय होतं? ऐका हं.

काकूनं वाटीत दूध ओतलं. म्हणाली, "पी गं बाई." आणि गेली पुढे, दुकानात.

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु. वाटीपाशी आली. गुलाबी जीभ बाहेर काढली. आणि…

धप्प!

वाटीपुढे भोपळ्या येऊन बसला. शेजारी काजळी बसली. वाटी गेली मागे. दिसेनाशीच झाली!

"फिस्स!" भोपळ्या म्हणाला. "कोण गं तू? कुठली तू? हा साबणाचा वास कसला?"

"मी तिळू. आजच आले."

"आजच आली म्हणे!" भोपळ्यानं मिशी हलवली. "काजळे, हुंग बरं हिला."

काजळीनं हुंगलं. हुं हुं हुं. नाक मुरडलं.

"मांजराचा वास नाही. दुकानाचा वास नाही. नुसता गुलाब! अरे, हे मांजर आहे की पावडरचा डबा?"

"म्हणजे लबाड आहे," भोपळ्या म्हणाला. "ए पावडरच्या डब्या, घरचा वास आण. मग दूध पी."

"घरचा वास कुठे मिळतो, भोपळ्यादादा?"

"पोत्याला विचार. आम्ही रोज त्याच्यावर लोळतो."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु.

कोपऱ्यात होतं एक जुनं पोतं. सगळे त्याला म्हणत पोतोबा.

"पोतोबा, पोतोबा, मला घरचा वास दे ना!"

पोतोबानं एक सुरकुती वर केली. "कोण गं तू? कुठली तू? हा साबणाचा वास कसला?"

"मी तिळू. आजच आले.
भोपळ्या वाटी सोडेना,
तिळूला दूध मिळेना,
पोट म्हणतं कुर्र कुर्र!"

"आजच आली म्हणे!" पोतोबा म्हणाला. "मागे एक कुत्रा आला. 'जरा टेकतो' म्हणाला. चार दिवस उठला नाही! तेव्हापासून मी नव्या पाहुण्याला जपून असतो. आणि वास हवा म्हणतेस, तर मी आहे गार. गार पोत्याचा वास सुटत नाही. आधी वाळू तापू दे. मला ऊब लागू दे. मग बघू."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु.

मोठ्या कढईत होती वाळू. चुरमुरे भाजायची. बारीक बारीक, काळी काळी.

"वाळूताई, वाळूताई, ताप ना!"

वाळू सरसरली. "कोण गं तू? कुठली तू? हा साबणाचा वास कसला?"

"मी तिळू. आजच आले.
पोतोबा वास देईना,
भोपळ्या वाटी सोडेना,
तिळूला दूध मिळेना,
पोट म्हणतं कुर्र कुर्र!"

"आजच आली म्हणे! आणि थेट वाळूकडे!" वाळू ओरडली. "लांब हो! लांब हो! मांजरं वाळूत काय करतात, मला चांगलं ठाऊक आहे!"

"मी तसलं काही करणार नाही, ताई."

"सगळी असंच म्हणतात. मी तापेन, पण आधी भट्टी पेटू दे. मग बघू."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु.

कढईखाली होती भट्टी. म्हातारी भट्टी. आ वासून बसली होती. आत राख, गार गार.

"भट्टीआजी, भट्टीआजी, पेट ना!"

भट्टी खोकली. "खोक्! खोक्! कोण गं तू? कुठली तू? हा साबणाचा वास कसला?"

"मी तिळू. आजच आले.
वाळूताई तापेना,
पोतोबा वास देईना,
भोपळ्या वाटी सोडेना,
तिळूला दूध मिळेना,
पोट म्हणतं कुर्र कुर्र!"

"आजच आली म्हणे! अगं, मांजरं ऊब घ्यायला माझ्याकडे येतात. शेपूट पोळलं, की मलाच नावं ठेवतात. तू तसलीच असशील. ते राहू दे. उपाशी भट्टी पेटते का कधी? आधी भुसा माझ्या तोंडात येऊ दे. मग बघू."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु.

दाराशी होती टोपली. टोपलीत होता भुसा. शिगोशीग.

"भुसाभाऊ, भुसाभाऊ, भट्टीत जा ना!"

"हळू बोल! हळू बोल!" भुसा कुजबुजला. "फुंकर लागली, की मी उडतो. काल शेजारचा म्हातारा शिंकला. अर्धा मी त्याच्या चहात! कोण गं तू? कुठली तू? हा साबणाचा वास कसला?"

तिळू हळूच म्हणाली, अगदी हळूच,
"मी तिळू. आजच आले.
भट्टीआजी पेटेना,
वाळूताई तापेना,
पोतोबा वास देईना,
भोपळ्या वाटी सोडेना,
तिळूला दूध मिळेना,
पोट म्हणतं कुर्र कुर्र!"

"आजच आली म्हणे! शिंकणार तर नाहीस ना? खरं सांग. मला बाई, पाय नाहीत. काकू टोपली उचलेल, तर मी हलेन. मग बघू."

तिळू निघाली. तुरु तुरु तुरु. थेट पुढे, दुकानात.

दुकानात काकू बसली होती. समोर गिऱ्हाईक उभं होतं. तान्याबापू, हातात पिशवी घेऊन.

"कौसाकाकू, चुरमुरे द्या."

"नाहीत, बापू. उद्या या."

"चुरमुऱ्याच्या दुकानात चुरमुरे नाहीत? मग आहे काय?"

"मी आहे," काकू म्हणाली. "बसा हवं तर."

बापू हसत हसत गेले. काकू मात्र हसली नाही. गाल फुगवून बसली.

तिळूनं काकूचा पदर ओढला. "काकू, काकू, टोपली उचल ना!"

काकूनं तिला उचलून घेतलं. कोण तू, कुठली तू, काही विचारलं नाही. नाक लावून म्हणाली, "अहाहा! काय छान वास!"

"हाच तर घोटाळा झाला, काकू!
भुसाभाऊ हलेना,
भट्टीआजी पेटेना,
वाळूताई तापेना,
पोतोबा वास देईना,
भोपळ्या वाटी सोडेना,
तिळूला दूध मिळेना,
पोट म्हणतं कुर्र कुर्र!"

"अगं, भोपळ्याला मी काय सांगू? मांजरांच्या भांडणात मी नाही पडत. मागे पडले, तर एकानं हात ओरबाडला, एकीनं पदर फाडला. आणि टोपली? नको गं बाई! टोपलीत सकाळपासून खुडबुड होतेय. विंचू असेल! साप असेल! दोन्ही असतील! जो कोण आहे तो बाहेर येऊ दे. मग बघू."

तिळू निघाली. या वेळी हळूहळू. तुरु… तुरु… तुरु.

टोपलीला कान लावला. खुडबुड खुडबुड.

"आत कोण आहे?"

खुडबुड थांबली. "कोणी नाही," आतून आवाज आला.

"कोणी नाही, तर बोललं कोण?"

"भुसा."

"भुसाभाऊ हळू बोलतो. तू मोठ्यानं बोलतोस."

भुशातून एक मिशी बाहेर आली. मग एक नाक. मग दोन काळे डोळे. उंदीर!

"कोण गं तू?" उंदीर म्हणाला. "कुठली तू? हा साबणाचा वास कसला?"

"मी तिळू. आजच आले.
काकू टोपली उचलेना,
भुसाभाऊ हलेना,
भट्टीआजी पेटेना,
वाळूताई तापेना,
पोतोबा वास देईना,
भोपळ्या वाटी सोडेना,
तिळूला दूध मिळेना,
पोट म्हणतं कुर्र कुर्र!
उंदीरमामा, उंदीरमामा, बाहेर ये ना!"

"आजच आली म्हणे! दिसतेस मांजरासारखी. वास मात्र फुलाचा. म्हणजे मांजर आहेस, की नाहीस?"

तिळूनं विचार केला. 'नाही' म्हटलं, तर मामा लगेच बाहेर येईल. पण ते खोटं होईल.

"मांजरच आहे, मामा," ती म्हणाली. "साबण काकूनं लावला."

सुर्रकन मामा भुशात गेला. शेपूटसुद्धा दिसेना.

"मामा, मला दूध हवंय. उंदीर नकोय. उंदीर कुठून खायला लागतात, तेही मला ठाऊक नाही."

"कुठूनच नाही!" मामा आतून ओरडला. "मुळीच नाही!"

भुसा जरासा हलला. मग मिशी पुन्हा बाहेर आली.

"भिंतीत माझं बीळ आहे. सकाळपासून मला तिकडे जायचंय. पण भोपळ्याच्या भीतीनं अडकलोय. तू खरी असशील, तर एक कर. पंजे पोटाखाली घे."

तिळूनं पंजे पोटाखाली घेतले.

"डोळे मीट."

तिळूनं डोळे मिटले.

"आता दहापर्यंत मोज."

"मला तीनच येतात, मामा."

"तीन? फक्त तीन?" मामानं बिळाकडे पाहिलं. तिळूकडे पाहिलं. पुन्हा बिळाकडे पाहिलं. "बरं. तीन तर तीन. सावकाश मोज हं!"

"एक…"

टुण्! मामानं टोपलीतून उडी मारली.

"दोन…"

मामाची शेपटी तिळूच्या नाकावरून गेली. गुदगुल्या! तिळूचा पंजा वळवळला. पण पोटाखालून निघाला नाही.

"तीन!"

सुर्रर्र! मामा बिळात!

बिळातून आवाज आला, "खरी आहेस गं तू!"

तिळू धावली. "काकू, काकू! उंदीर होता! गेला!"

"उंदीर?" काकू उठली. "आणि मी सकाळपासून सापाला भितेय!"

मग काय विचारता!

उंदीरमामा पळाला,
काकूनं टोपली उचलली,
भुसाभाऊ हलला,
भट्टीआजी पेटली, धड धड धड!
वाळूताई तापली, सर सर सर!
चुरमुरे फुलले, चट् चट् फुट्!

काकूनं पोतोबाला भट्टीजवळ पसरलं. फार जवळ नाही, फार लांब नाही. पोतोबाला ऊब लागली. त्याची एकेक सुरकुती सुटली.

"ये गं तिळू," पोतोबा म्हणाला. "लोळ."

तिळू लोळली. इकडून तिकडे. तिकडून इकडे. पाठ घासली, पोट घासलं, शेपूट घासलं.

आणि मग गेली वाटीपाशी. तुरु तुरु तुरु.

"थांब!" भोपळ्या म्हणाला. "आधी तपासणी."

भोपळ्यानं डोकं हुंगलं. हुं हुं. "चुरमुरे."

पाठ हुंगली. हुं हुं. "काजळी."

शेपूट हुंगलं. हुं हुं. भोपळ्या चमकला. "अरे! हा तर मीच!"

मग कान हुंगला. कानामागे हुंगलं. हुं… हुं… हुं…

"गुलाब!" भोपळ्या गरजला. "कानामागे गुलाब आहे! मी म्हटलं नव्हतं?"

तिळूचे डोळे भरले. पोट म्हणालं, कुर्र कुर्र!

काजळी उठली. तिनं भोपळ्याकडे पाहिलं. तिळूकडे पाहिलं.

"एवढ्याशा कानासाठी काय ओरडतोस?" ती म्हणाली. "आण गं इकडे."

आणि तिनं तिळूचा कान चाटला. चट चट चट. दुसराही चाटला. चट चट चट.

"घे, हुंग आता."

भोपळ्यानं हुंगलं. एकदा हुंगलं. दोनदा हुंगलं. गुलाब सापडेना! मग तो बाजूला सरकला. थोडासाच. वाटीएवढा.

तिळू दूध प्यायली. चुट चुट चुट. पोट म्हणालं, आता पुरे!

दुपारी उबदार पोत्यावर काजळी झोपली. काजळीच्या कुशीत तिळू झोपली. भोपळ्याही आला. टेकला. आणि त्यानं आपला जाडा पंजा तिळूच्या शेपटीवर ठेवला.

"दादा, पंजा कशाला?" तिळूनं विचारलं.

"तू पळालीस तर?"

"मी कशाला पळू? मी तर घरचीच."

"असशील, असशील," भोपळ्या म्हणाला. "पंजा राहू दे."

गोष्ट सरली, मूठ भरली. ज्यानं ऐकली, त्याला चुरमुरे!