साकव दुरुस्त झाला

उंबरखोरी नावाच्या गावात एक भोळा लिंबाजी होता. अक्षर मोत्यासारखं. डोक्याचं विचारू नका. पंचायतीनं फक्त अक्षर बघितलं आणि चौकातल्या फळ्यावर गावच्या बातम्या लिहायचं काम त्याला दिलं. फळा जुन्या सागवानाचा होता. त्यावर दोन रेडे झुंजले असते, तरी तो मोडला नसता.

गावाच्या मधून ओढा. अलीकडं सरपंच तात्या वाघमोड्यांची माणसं, पलीकडं त्यांचे विरोधक अण्णा कोकऱ्यांची. मधे एक लाकडी साकव. त्याची बरोब्बर मधली फळी मोडली होती. तात्या म्हणत, ती फळी पलीकडच्यांची. अण्णा म्हणत, अलीकडच्यांची. असे आठ महिने गेले.

लिंबाजीची आई चंद्राबाई पलीकडं जाऊन भाजी विकायची. एकदा ती त्या भोकातून वांग्यांच्या पाटीसकट खाली गेली. वांगी वाहून गेली, गुडघा कायमचा धरला. तेव्हापासून बिचारी लंगडत लंगडत कोसभर वळसा घालून जायची.

"लिंब्या, लिव बाबा फळ्यावर," ती म्हणाली. "वाचून तरी कुनाला लाज वाटंल."

लिंबाजीनं लिहिलं, "साकव मोडला आहे. माझी आई पडली."

तात्या धोतर सावरत आले. "आरं, असलं लिवत्यात व्हय? फळा कुनाचा? पंचायतीचा. पंचायत कुनाची? आपली. मग चांगलं घडलं तर ते आपलं लिवायचं. वाईट घडलं तर त्येंचं. कळलं?"

"कळलं, तात्या."

दुसऱ्या दिवशी दोन बातम्या आल्या. अण्णांच्या पुतण्याचं लग्न ठरलं, आणि तात्यांचा बैल मेला. लिंबाजीनं नीट विचार केला. लग्न म्हणजे चांगलं. बैल मरणं म्हणजे वाईट. मग त्यानं लिहिलं, "सरपंच तात्यांचं लग्न ठरलं. अण्णांचा बैल मेला."

अण्णांकडं बैल नव्हताच. तात्यांकडं मात्र बायको होती. ती लाटणं घेऊन चौकात आली आणि तात्या दिवसभर कडबाकुट्टीच्या मागं बसून राहिले.

अण्णा पोट धरून हसले. मग लिंबाजीला म्हणाले, "येकाच बाजूचं लिवलं की हे आसं हुतं. कुनी कायबी सांगू दे, आधी दुसऱ्या बाजूला इचारायचं. मगच फुडं जायचं. कळलं?"

"कळलं, अण्णा."

तिसऱ्या दिवशी लिंबाजी आईची पाटी पोचवायला पलीकडं गेला होता. तेवढ्यात अण्णांच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला.

"लिंब्या, आग! मानसं बोलाव, पळ!" अण्णा ओरडले.

लिंबाजी निघाला तो थेट तात्यांकडं. साकव मोडलेला, म्हणून कोसभर वळसा घालून.

"तात्या, अण्णा म्हनत्यात गंजी पेटली. तुमचं काय म्हननं?"

"आन्ना आनि खरं बोलतोय? थापा मारतोय त्यो!"

लिंबाजी चौकात आला आणि त्यानं लिहिलं, "गंजी पेटली, असे अण्णा म्हणतात. पेटली नाही, असे तात्या म्हणतात." मग तो पुन्हा कोसभर चालत अण्णांना हे सांगायला गेला. अण्णा राखेत बसले होते.

राखेची बातमी घ्यायला तालुक्याचे वार्ताहर आले. त्यांनी राख लांबूनच बघितली, फळा जवळून बघितला. "अहो लिंबाजीराव, एवढं कोण वाचतं? तीन शब्द लिहा. मोठ्ठे. चौथा शब्द आला की गाळून टाका. कळलं?"

"कळलं, साहेब."

चौथ्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला, "शनिवारी डॉक्टर येणार नाहीत." लिंबाजीनं बोटांवर शब्द मोजले. चार भरले. मग त्यानं हात भरभर चालवत मोठ्ठं लिहिलं, "शनिवारी डॉक्टर येणार."

शनिवारी सगळा गाव दवाखान्याच्या ओट्यावर. गुडघेवाले अकरा, दाढदुखीवाले सात. एक माणूस ठणठणीत होता, पण गर्दी बघून त्याच्याही पोटात दुखायला लागलं. चंद्राबाई दिवसभर उन्हात गुडघा चोळत बसली. दिवस कलला तरी कुणी येईना.

"लिंब्या, कुठं हायत रं डाक्टर?"

"त्ये येनार न्हवतंच, आई."

"मग लिवलं का न्हाईस?"

"चौथा शब्द हुता."

आईला हसावं की रडावं कळेना. मग तिला रडूच आलं. "आरं लेकरा, ह्या फळ्यानं आजवर कुनाचं भलं झालंय का? मोडलं म्हनून बोंबलाय काय लागतंय? मोडलं तर नीट करावं. आपल्याजवळ जे आसंल त्ये लावावं."

"कळलं, आई."

लिंबाजीजवळ होतं काय? फळा होता. पहाटे त्यानं तो उचलला, साकवाच्या भोकावर ठेवला आणि चार खिळे ठोकले. माप असं बसलं, की सुताराच्या बापाला जमलं नसतं.

आठ महिन्यांनी चंद्राबाई साकवावरून सरळ चालत पलीकडं गेली. मधोमध थांबून तिनं दोनदा पाय आपटून बघितला. दिवसभर ती भाजी कमी विकत होती आणि "माझ्या लेकानं केलं" हेच जास्त सांगत होती. खरं सांगतो, लिंबाजीनं जन्मात केलेलं हे एकमेव शहाणपणाचं काम. तिथंच सगळे थांबले असते तर किती बरं झालं असतं.

पण चांगलं घडलं होतं ना! तात्या म्हणाले, "आमच्या पंचायतीनं केलं." अण्णा म्हणाले, "आमच्या दबावानं झालं." पुढच्या रविवारी दहा वाजता वार्ताहर फोटो काढायला येणार असं ठरलं. कोणतं लाकूड लावलंय हे बघायला दोघांतलं कुणी खाली वाकलं नाही.

दोघांनी लिंबाजीला बोलावलं. "बातमी चौकात लागली पायजे. फळ्यावर."

"फळ्यावरच?" लिंबाजीनं विचारलं.

"फळ्यावरच!" दोघं एकदम म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

"कळलं," लिंबाजी म्हणाला.

रविवारी सकाळी फळा चौकात आपल्या जागी उभा होता. त्यावर मोठ्ठ्या अक्षरात तीन शब्द होते, "साकव दुरुस्त झाला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वार्ताहर कॅमेरा घेऊन काठावर उभे राहिले. अलीकडून तात्या निघाले, पलीकडून अण्णा. मधे आधी कोण पोचतं, यावर सगळं अवलंबून होतं. दोघांचे हात जोडलेले. दोघांची नजर कॅमेऱ्यात.

दोघं एकाच वेळी पोचले. एकाच वेळी खाली गेले.

कमरेइतक्या चिखलात बसून तात्या ओरडले, "ह्ये भोक तुमचं!" अण्णा ओरडले, "तुमचं!" काठावर चंद्राबाईनं भोकाकडं बघितलं, लेकाकडं बघितलं, पाटी डोक्यावर घेतली आणि मुकाट्यानं वळशाची वाट धरली.

"लिंब्या!" तात्यांनी खालून हाक मारली. "साकव दुरुस्त झाला म्हनून लिवलंस नव्हं?"

लिंबाजी भोकाशी वाकला.

"चार शब्द हुते, तात्या. 'साकव दुरुस्त झाला होता.' चौथा गाळला."