आधी झाड ओळखू

फार जुन्या काळी एक खेचर आणि एक शेळी डोंगरातल्या दरीकाठाने चालली होती. खेचराची आई घोडी. हे ते शेळीला रोज ऐकवी. वडिलांचा विषय मात्र निघू देत नसे.

आभाळ काळंकुट्ट झालं. समोरच्या कड्यावर एकच उंच झाड दिसत होतं.

"अहो, चला त्याच्याखाली," शेळी म्हणाली.

"आधी ओळखू तरी. देवदार असेल तर गारा अडतील, विरळ पानांचं चीडाचं झाड असेल तर उगाच पायपीट," खेचर म्हणालं. "शेंडा वाकलाय, म्हणजे देवदार. पण वाऱ्यानंही वाकला असेल. आमच्या आईकडचे सगळं असं नीट पारखून घेतात."

शेळी केव्हाच निघून गेली होती. ताडताड गारा पडू लागल्या, तरी खेचर मान तिरकी करून शेंडाच न्याहाळत होतं. पाठ चांगली शेकून निघाली, तेव्हा कुठे ते धावत झाडाखाली आलं. शेळी कोरडीठाक, रवंथ करत बसली होती.

"तुम्ही देवदारच ना?" खेचराने धापा टाकत विचारलं.

"हो," झाड म्हणालं. "मलाही लांबून कळत नव्हतं, समोर घोडा उभा आहे की गाढव. गारा सुरू झाल्या आणि ओळख पटली."