म्हाळसाक्काची पालथी पाटी

तुमच्या गावात चोरी झाली, तर सगळ्यांत आधी काय करतात? कुणी पोलिसांना फोन करत असतील, कुणी शेजाऱ्याकडे संशयाने बघत असतील. आमच्या बोरसरीत मारुतीच्या देवळापुढे एक वेळूची पाटी, म्हणजे टोपली, पालथी घालतात. का घालतात, ते सांगते. नीट बसून ऐका.

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा गावाची राखण जागल्याकडे असे. चोरी झाली की जागल्या चोराच्या पावलांचा माग काढत जाई. माग गावाच्या शिवेबाहेर गेला, तर तो पुढच्या गावाच्या जागल्याच्या हवाली करायचा. मग चोर शोधणं त्या गावाचं काम. पण माग शिवेच्या आतच थांबला, तर चोर आपल्यातलाच, असं ठरे. त्यामुळे माग शिवेबाहेर गेला की सगळ्यांना हायसं वाटे.

बोरसरीचा जागल्या वारला आणि त्याचं काम त्याच्या बायकोने, म्हाळसाक्काने, उचललं. सुरुवातीला लोक हसले. "आता बाईमाणूस चोर धरणार म्हणजे चोरालाच आधी लाज वाटायची!" असं पारावरचे म्हातारे म्हणत. पण ती मातीत वाकली की वारा थांबून राही, असं म्हणतात. नुसतं पाऊल बघून ती सांगे, हा माणूस उपाशी आहे, हा रागात आहे, ही बाई माहेरी निघाली आहे.

एका वर्षी गावात चोऱ्या वाढल्या. आधी विहिरीवरचा दोर गेला. मग खुराड्यातल्या कोंबड्या, मग वाळत घातलेली लुगडी, मग एका लग्नघरातली तांब्याची घागर. उघडी राहणारी दारं दिवसाही बंद होऊ लागली. सकाळी चुलीसाठी शेजारी विस्तव मागायला गेलेल्या बाईला उंबऱ्याबाहेरच उभं करू लागले. सासू सुनेची आणि भाऊ भावाची झोळी बघू लागला.

आणि एके दिवशी मारुतीची घंटाच गेली.

ती काही साधी घंटा नव्हती. गंजीला आग लागली, ओढ्याला पूर आला, लांडगा शिरला, की तीच घंटा वाजे आणि सगळं गाव धावून येई. घंटा गेली म्हणजे गावाचा आवाजच गेला. लोक संतापले. गावाबाहेर लिंगा धनगराचं बिऱ्हाड उतरलं होतं. दरवर्षी पेरणीआधी तो मेंढ्या घेऊन येई आणि शेतांत खतासाठी बसवी. त्याची बायको आदल्याच दिवशी बाळंत झाली होती. पण रागापुढे कुणाला काही दिसेना. "यांचंच काम! हाकला यांना!" म्हणत माणसं काठ्या घेऊन निघाली.

म्हाळसाक्का वाटेत आडवी उभी राहिली. "बाळंतिणीला कुठं हाकलता रे? आधी माग तरी बघू द्या."

लोकांनी देवळापुढची माती तुडवून टाकली होती. तरी पिंपळाच्या बुंध्याशी तिला एक पाऊल सापडलं. ते पुसलं जाऊ नये म्हणून तिने त्यावर पाटी पालथी घातली आणि माग धरून चालू लागली. मागून सगळं गाव.

माग ओढ्याने गेला आणि नेमका धनगराच्या बिऱ्हाडाशी आला. "बघा!" सगळे ओरडले. म्हाळसाक्काने हात वर केला. माग मेंढ्यांच्या कडेने पुढे गेला होता. ज्याने चोरी केली, तो संशय धनगरावर यावा म्हणून मुद्दाम इकडून चालला होता. तेवढ्यात कळप बिथरून अंगावर आला. पण त्या पावलांपाशी येऊन तो दोन्हीकडे फाटला आणि एकाही मेंढीचा खूर मागावर पडला नाही, असं म्हणतात.

माग शिवेच्या दगडापर्यंत गेला. पलीकडे हिवरटेक. गावच्या बापूजी पाटलांनी सुटकेचा निःश्वास सोडला. "चला, सुटलो. म्हाळसे, बोलाव त्यांच्या जागल्याला आणि दे माग त्याच्या हातात."

ती खाली बघत राहिली. मग म्हणाली, "पाटील, माग इथून वळलाय. माघारी."

"दगडापर्यंत आलाच आहे ना? एक पाऊल पुढं टाक, म्हणजे गावाची अब्रू राहील."

"मी मागाला नेत नाही पाटील. माग मला नेतो."

आणि ती वळली. मागून गर्दीही वळली. आंबराईतून, पाणवठ्यावरून माग पुन्हा गावात शिरला आणि मारुतीच्या देवळापुढच्या फरशीवर येऊन थांबला. पुढे दगडच दगड. दगडावर पाऊल कुठलं उमटायला?

म्हाळसाक्काने पिंपळाखालची पाटी आणली आणि त्या फरशीवर पालथी घातली.

"इथवर मला दिसलं," ती म्हणाली. "पुढचं मला दिसत नाही. ज्याचं त्याला दिसतंय. पाटी इथंच राहील. देवळाकडे आज कुणी फिरकायचं नाही. पहाराही नको."

"पहारा नको?" पाटील म्हणाले. "अगं, मग चोर येईल की!"

"त्यानं यावं म्हणूनच."

"आणि नाही आला तर?"

"तर उद्या धनगराला हाकला. त्याच्या पुढं मला हाकला. मी त्या बाळाला उचलून चालेन."

त्या रात्री गावात सगळ्यांचेच तळपाय पोळत होते, असं म्हणतात. ज्यांनी काही केलं नव्हतं, त्यांचेही. कारण काठी घेऊन तर सगळेच निघाले होते.

उजाडताच पाटलांनी पाटी उचलली. खाली घंटा होती. म्हाळसाक्काने ती स्वतः टांगली आणि वाजवली, तर हिवरटेकचे लोकसुद्धा धावत आले. पुढे काही दिवसांत घागर, दोर, लुगडीही पाटीखाली येऊन पडली. कोंबड्या तेवढ्या आल्या नाहीत. चोर कोण, हे तिने विचारलं नाही आणि कुणाला विचारू दिलं नाही. तो आमच्यापैकी कुणाचाही पूर्वज असेल. काठ्या घेतलेली माणसं त्या दिवशी बाळंतिणीसाठी तूप आणि बाजरीचं पीठ घेऊन गेली. लिंगाने मुलीचं नाव म्हाळसा ठेवलं.

आता जागल्या नाही. पण दर चैत्रात गाव नवी पाटी विणून घेतं आणि देवळात टांगतं. तिला म्हाळसाक्काची पाटी म्हणतात. चोरी झाली की ती फरशीवर पालथी पडते आणि त्या रात्री देवळाकडे कुणी जात नाही.

गेली दोन-तीन वर्षं आमच्याकडे पुन्हा चोऱ्या वाढल्यात. शेळ्या जातात, मोटारसायकली जातात. मोबाइलवर नाही नाही ते निरोप फिरतात आणि बायका मळ्यात एकट्या जायला घाबरतात. मागच्या हंगामात विहिरीवरच्या मोटारीची केबल गेली, तेव्हा पोरं काठ्या घेऊन ऊसतोड कामगारांच्या खोप्यांकडे निघाली होती. आमच्या अनसूया काकूंनी त्यांना देवळापुढेच अडवलं. "आधी पाटी घाला. मग कुठं जायचं ते जा." देवळावर आता कॅमेरा आहे. काकूंनी पोरांकडूनच त्याच्यावर फडकं टाकून घेतलं. पोरं कुरकुरली, पण घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळापुढे जमलो. पाटी एका बाजूला कलली होती आणि खाली केबलचं भेंडोळं होतं.