पाणी बरं आहे

एकदा एक तरुण मुख्य भूमी सोडून दूर समुद्रातल्या एका बेटावर विद्या शिकायला गेला. तिथे एक वृद्ध गृहस्थ राहत असत. आभाळ, वारा आणि पाणी यांची लक्षणे वाचण्यात त्यांची उभी हयात गेली होती. रोज सकाळी किनाऱ्यावरच्या दगडी चौथऱ्यावर उभे राहून ते गावाला दिवसाचे भाकीत सांगत. ऊन किती तापेल, सरी कधी येतील आणि पाणी कसे राहील, एवढेच. ते ऐकून कोणी खोबरे वाळत घाली, कोणी घरावरच्या झावळ्या बांधून घेई, आणि होड्या बाहेर काढायच्या की नाहीत ते ठरे.

बेटाभोवती प्रवाळाच्या खडकांचे कडे होते. आतले पाणी उथळ आणि हिरवे, बाहेर खोल दर्या. बाहेर जायला त्या कड्यात एकच अरुंद खिंड होती. समुद्र चढला की खिंडीच्या तोंडाशी लाटा फुटत आणि मग बाहेर गेलेल्या होडीला आत येता येत नसे.

पुढे वृद्धांच्या डोळ्यांवर सारा, म्हणजे पडदा, आला आणि त्यांना दिसेनासे झाले. एके दिवशी ते शिष्याला म्हणाले, "आता पाहणंही तुझं आणि सांगणंही तुझं. मी खाली बसून ऐकेन."

शिष्याचे सुरुवातीचे दिवस सुखात गेले. हरबा तांडेल, म्हणजे बेटावरच्या सर्वांत मोठ्या होडीचा मालक, त्याला ओटीवर बोलावून पान देई. यसूबाई नावाची पोक्त कोळीण जाता जाता त्याच्या दारात दोन बांगडे ठेवून जाई. ज्याचे आपले म्हणावे असे कोणी मागे राहिले नव्हते, त्याला एवढा जिव्हाळा पुष्कळ होता.

मग एकदा त्याने मोठ्या उधाणाचे भाकीत केले. होड्या वाळूवर ओढून ठेवल्या गेल्या, आणि समुद्र मात्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत राहिला. उधाणाने वाट बदलली होती. त्याच दिवसांत सुरमईचा मोठा थवा बेटाजवळून निघून गेला. सणाच्या दिवशी घरोघरी नुसती पेज शिजली.

त्याला शिव्या कोणी दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे त्याला पुढे वाटू लागले. हरबा समोरून आला की जाळ्याकडे पाही. माडाखाली होडीची डागडुजी करणारी माणसे हसत असत, आणि याची चाहूल लागली की त्यांचे हसू थांबे. यसूबाईची वाट आता दुसऱ्या बाजूने जाऊ लागली. दुपारी ऊन असे तापे की वाळूवर पाऊल ठरत नसे. तो खोपटात एकटाच पडून राही. कधी कधी आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून उद्याचे भाकीत मोठ्याने बोलून पाही. वृद्धांना तो म्हणाला, "गुरुजी, माझं चुकलं का?" ते म्हणाले, "तुला दिसलं ते तू सांगितलंस." एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही.

असेच दिवस चालले होते. एका सकाळी तो चौथऱ्यावर चढला तेव्हा आभाळ स्वच्छ होते. वारा पडलेला, उकाडा अंगाला चिकटणारा. परंतु नैर्ऋत्येकडून पाणी संथपणे फुगून येत होते. एका लाटेनंतर दुसरी यायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता, आणि कड्यावर आपटताना तिचा आवाज खोल, दबलेला येत होता. कुठेतरी फार दूर वादळ झाले होते. वादळ इथवर येणार नव्हते, पण त्याने ढकललेले पाणी येत होते. दुपारपर्यंत खिंड बंद होईल, असे त्याच्या मनाने घेतले.

खाली सारा गाव जमला होता. कड्याबाहेर पुन्हा मासळी आल्याची खबर होती. जाळी होड्यांत भरून तयार होती. हरबाने वर पाहिले, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्याशी सरळ बोलला.

"काय रे बाबा, आज तरी जाऊ देशील ना आम्हाला?"

आवाजात राग नव्हता. जवळजवळ लाडच होता. सगळे चेहरे शिष्याकडे वळले, आणि त्या चेहऱ्यांची त्याला किती भूक लागली होती, हे त्याला त्या क्षणी कळले. उधाण मागच्या वेळीही आले नव्हते. यावेळीही येणार नाही कदाचित.

"ऊन कडक आहे," तो म्हणाला. "संध्याकाळकडे एखादी सर. पाणी..." तो क्षणभर थांबला. "पाणी बरं आहे."

किनाऱ्यावर एकच गलका झाला. तो खाली उतरला तशी हरबाने त्याच्या पाठीवर थाप मारली. यसूबाई म्हणाली, "आज रात्री आमच्याकडे जेवायला ये रे. किती वाळलास!" त्याचे डोळे भरून आले.

इतक्यात वृद्ध उठले. काठीने वाळू चाचपत ते हरबाच्या होडीपाशी गेले आणि म्हणाले, "हरबा, आज मलाही घे."

हरबा चकित झाला. डोळे गेल्यापासून ते होडीत बसले नव्हते. "बाबा, तुम्ही? कशाला?"

"दर्यावर जाऊन फार दिवस झाले. पाणी बरं आहे म्हणतोय ना हा? मग घे."

दोघा खलाशांनी हात देऊन त्यांना चढवले. ते पुढच्या फळीवर काठी मांडीवर घेऊन बसले. सगळ्यांना मोठी मौज वाटली. शिष्य मात्र पांढराफटक पडला. तो धावत जवळ गेला.

"गुरुजी, तुम्ही नका जाऊ."

"का रे?"

"तुमचं वय झालं. ऊन सोसणार नाही."

"टोपी आहे डोक्याला," वृद्ध म्हणाले. "लोटा रे होडी."

होडी पाण्यात सरकली. शिष्य तिच्याबरोबर गुडघाभर पाण्यात गेला, मग कमरेइतक्या. वल्ही पाण्याला लागली तेव्हा त्याने दोन्ही हातांनी होडीचा काठ धरला आणि ओरडला, "थांबा! पाणी बरं नाही!"

वल्ही थांबली.

"आत्ताच तर बरं म्हणालास," हरबा म्हणाला.

"मी खोटं बोललो. बाहेरून पाणी फुगून येतंय. दुपारी खिंडीत लाटा फुटतील, तुम्हाला आत येता येणार नाही. फुटणारही नाहीत कदाचित. पण मला जे दिसलं ते हे. कोणीच जाऊ नका."

हरबाने वल्हे होडीत फेकले आणि खाली उडी मारली. मागच्या होड्याही वळल्या. वृद्धांना उतरवून घेतले गेले. कोणीतरी शिष्याच्या पायाशी थुंकले. यसूबाईने टोपली उचलली आणि ती घराकडे चालू लागली. थोड्याच वेळात किनाऱ्यावर गुरु आणि शिष्य दोघेच उरले.

"तुम्हाला कसं कळलं?" शिष्याने विचारले.

"कड्यावरच्या लाटेचा आवाज मलाही येतो. आणि पाणी म्हणताना तू अडखळलास तेही ऐकू आलं."

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत सगळ्यांना?"

वृद्ध म्हणाले, "सांगितलं असतं तर आजच्या होड्या वाचल्या असत्या. उद्या मी नसेन. म्हटलं, होडी खिंडीकडे वळेपर्यंत तुझी वाट पाहावी, मग तोंड उघडावं. अरे, हरबा निघाला तेव्हा पाणी बरं होतं. मी बसलो आणि ते वाईट झालं. समुद्र तोच, लाटा त्याच. फरक एवढाच की, आता होडीत तुझं माणूस होतं. हरबाही कोणाचा तरी गुरुजी आहे, बाबा आहे, मुलगा आहे. यापुढे भाकीत सांगण्याआधी प्रत्येक होडीत मला बसवत जा, आणि मग जे तोंडातून निघेल ते सांग. त्याने माणसं दुरावतील. मलाही दुरावली होती. हे काम एकट्यानं करायचं आहे, हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. पण मग तू राहिला नसतास, आणि मलाही सोबत हवी होती."

दुपारी खिंडीच्या तोंडाशी फेसाची पांढरी भिंत उभी राहिली. गाव किनाऱ्यावर येऊन पाहत राहिला. हरबा कंबरेवर हात ठेवून उभा होता. बायकांनी पोरांना मागे ओढले. मग एकेक जण घरी गेला. शिष्याशी कोणी बोलले नाही. कदाचित त्यांना लाज वाटली असेल. कदाचित त्यांच्या लक्षात त्याचे सकाळचे खोटेच राहिले असेल. जो बुडतो त्याच्यासाठी गाव रडतो, पण जो बुडायचा राहिला त्याचे कोणाला काय!

दोन दिवसांनी समुद्र निवळला. शिष्य चौथऱ्यावर चढला. खाली माणसे होती, पण मान वर कोणी केली नव्हती. त्याने प्रथम पाण्याकडे पाहिले, आणि मग एकेका होडीकडे, सावकाश. लोकांना वाटले, याला आज काही सुचत नाही.

"ऊन तापेल," तो म्हणाला. "तिसऱ्या प्रहरी सर येईल, थोडा वारा घेऊन. त्याआधी परत या. पाणी बरं आहे."

होड्या गेल्या. कोणी हात हलवला नाही. त्याने मात्र शिडे दिसेनाशी होईपर्यंत नजर काढली नाही, आणि त्या रिकाम्या किनाऱ्यावर त्याला प्रथमच कोणाच्या बोलावण्याची वाट पाहावीशी वाटली नाही.

आपणही दिवसभर कोणाला ना कोणाला "काही होत नाही, जा" असे म्हणत असतो. म्हणण्याआधी त्या होडीत आपले माणूस बसवून पाहावे.