धुतलेली गोधडी

"पण बदलतात कशासाठी?"

लतीफबाबा फकिरांनी मान वर केली. "ऋतूंचं तुम्ही मला विचारता, गुरुजी? जन्मभर पोरांना भूगोल तुम्ही शिकवलात."

"पृथ्वीचा आस कललेला आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, म्हणून बदलतात. ते मी झोपेतही सांगेन." अंबादास गुरुजींचा आवाज चढला. "मी ते विचारत नाही."

"मग?"

गुरुजींनी कपाळावरचा घाम पुसला. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन ते गावाबाहेरच्या या झोपडीपर्यंत आले होते. कुणाकडे काही विचारायला जायची त्यांना सवय नव्हती. लोक त्यांच्याकडे यायचे.

"आमची ही पौषात गेली," ते शेवटी म्हणाले. "तिला फार थंडी वाजायची. मी गोधडी पायांखाली खोचून द्यायचो. ती गेल्यावरही गोधडी तशीच ठेवली. खोलीची खिडकीसुद्धा कुणाला उघडू दिली नाही. तिच्या तेलाचा वास होता गोधडीला..."

"होता?"

"आज सुनेनं धुऊन टाकली. म्हणे, उन्हाळा लागला, आता उचलून ठेवू."

झोपडीपुढच्या कडुलिंबाची सावली सरकली होती. बाबांनी आपली चटई सावलीत ओढली आणि शेजारी जागा करून दिली.

गुरुजी हलले नाहीत. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर आलं, मग छातीवर.

"हा उन्हाळा आलाच नसता तर..." ते म्हणाले आणि थांबले. वर्गात एखादं पोर असं बोललं असतं, तर सगळा वर्ग हसला असता.

बाबा हसले नाहीत.

"सुनेला काय बोललात?"

"नको ते बोललो. तू बाहेरून आलेली, तुला काय कळणार, असं."

"आणि ती?"

"ती ओल्या गोधडीचं टोक हातात धरून उभी होती. सारखी नाकाशी नेत होती, काही शोधत असल्यासारखी..."

गुरुजी बाबांकडे बघत राहिले. सकाळी डोळ्यांसमोर घडलेलं त्यांना आत्ता दिसत होतं.

बाबांनी माठातलं पाणी आणून त्यांच्यापुढे ठेवलं. गुरुजींनी चष्मा काढला. पाण्याला हात लावला नाही.



"उठा, गुरुजी," बाबा म्हणाले. "ती जेवली नसेल अजून."