मागच्या चाकांची वाट

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या एका नगरात एकदा एका गृहस्थाने अपघातात चेचलेली आलिशान परदेशी मोटार विकत घेतली आणि ती ओढून आपल्या अंगणात आणून ठेवली. मागून एका ट्रकची धडक बसून तिचा डावा कोपरा आत गेला होता. त्या धक्क्याने पुढे फेकली जाऊन ती कठड्यावर आदळली होती, त्यामुळे तिचे नाकही जागेवर उरले नव्हते. विमावाल्यांनी जिची आशा सोडली, ती मोटार हा गृहस्थ स्वतःच्या हातांनी दुरुस्त करणार होता.

शेजारी राहणारे निवृत्त पोस्टमास्तर कुंपणावरून वाकून म्हणाले, "काय हो, गाडी घेतलीत की भंगार?"

"आज भंगार आहे. महिन्याभराने या, चक्कर मारायला नेतो."

"पुढची सीट मला हं," पोस्टमास्तर म्हणाले, "म्हणजे आधी तिथे सीट आहे का तेवढं बघून ठेवा."

गृहस्थ हसला. त्याचा निश्चय थट्टेने ढळणारा नव्हता, कारण त्यामागे एक शल्य होते. त्याची एकुलती एक कन्या केतकी घाटमाथ्यावरच्या शहरात दिली होती. तिला दिवस गेले होते आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याचे ठरले होते. डोहाळजेवणाच्या दिवशी हा गृहस्थ पत्नीसह एस.टी.ने गेला, तेव्हा व्याह्यांनी भरल्या पंगतीत, अगदी हसतमुखाने म्हटले होते, "सुनेला न्यायला याल तेव्हा मात्र जरा बरं वाहन आणा बुवा. आमच्या नातवाला धक्के नकोत." पंगत हसली. केतकीने मान खाली घातली. ती खाली गेलेली मान घेऊनच पिता घाट उतरला होता.

म्हणून ही मोटार. सुट्टी असेल तेव्हा सकाळपासून तो अंगणात असे. मोबाइलवर कुणी परदेशी कारागीर करून दाखवी ते पाहायचे आणि तसेच करायचे. भंगारबाजारातून त्याच जातीच्या मोटारीचे बॉनेट मिळाले, दिवे मिळाले. आत गेलेला पत्रा त्याने ठोकून बाहेर काढला, खाचा पुट्टीने भरल्या, त्या घासून इतक्या गुळगुळीत केल्या की डोळे मिटून बोट फिरवले तरी जखम कुठे होती हे कळू नये. मग रंग चढला. गडद निळा, खोल विहिरीच्या पाण्यासारखा. आळीतली माणसे येऊन त्यात आपापले चेहरे पाहून गेली. पोस्टमास्तरांनीसुद्धा चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

काम संपले, आणि नेमकी तेव्हापासून त्याची भूक गेली.

पानावर बसावे आणि घास हातातच राहावा. पत्नी म्हणे, "अहो, भात थंड होतोय. कसला विचार चाललाय?"

"काही नाही. उगाचच."

ते उगाचच नव्हते. मोटार सरळ रस्त्यावर सोडली की ती हलकेच डावीकडे झुके. तिला सरळ न्यायचे तर स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरावे लागे. प्रथम त्याने रस्त्याच्या उताराला दोष दिला. मग चाकांतल्या हवेला. शेवटी एका दुपारी त्याने स्टिअरिंगचे चाक मधला नट काढून उपटले, एक दाता सरकवून पुन्हा बसवले, आणि आता मोटार सरळ जाताना ते चाकही सरळ दिसू लागले. ते पाहून त्याला क्षणभर फार समाधान वाटले. तसे समाधान पुन्हा वाटले नाही.

त्यानंतर तो घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत एकटाच जाऊन आला. वळणावर ब्रेक दाबला, तेव्हा मोटारीचा मागचा भाग क्षणार्धासाठी दरीच्या बाजूला घसरला. एवढेच. पुढच्याच क्षणी ती सावरली. रस्त्यावर वाळू असावी, असे त्याने स्वतःला सांगितले. पण उतरून वाळू आहे की नाही, हे पाहिले नाही.

केतकीला आणण्याचा दिवस दोन रात्रींवर आला, तेव्हा तो आपल्या गुरुजींकडे गेला.

गुरुजींनी त्याला शाळेत भूमिती शिकवली होती. आता ते अतिशय वृद्ध झाले होते. दिवसाचा बराच वेळ ओसरीवर आरामखुर्चीत बसून रस्ता पाहत. मोटारींतले त्यांना काही कळत नसे. बॉनेटला ते 'झाकण' म्हणत आणि ब्रेक कोणत्या पायाने दाबतात हे त्यांना ठाऊक नव्हते. पण पन्नाशी उलटलेला हा शिष्य मनाची घालमेल झाली की अजूनही त्यांच्यापाशीच येऊन बसत असे.

"गुरुजी, चित्त स्थिर राहील असं एखादं स्तोत्र सांगा. नाहीतर एखादा जप."

"चित्त कशाने हललं आहे?"

"कशाने असं नाही. उगाचच काळजी वाटते."

गुरुजींनी खुर्चीचा हात चाचपला. "उगाचच हा शब्द जपून वापरावा, बाळ. ज्याचं कारण माहीत नाही ते उगाचच नव्हे. ज्याला कारणच नाही ते उगाचच. तुझी काळजी यांतली कोणती?"

 गुरुजी उत्तरासाठी थांबले नाहीत. ते म्हणाले, "उद्या सकाळी मला न्यायला ये. आणि पोतंभर रांगोळी आणून ठेव."

"रांगोळी? पोतंभर?"

"पांढरी. रंगीत नको."

शिष्य बुचकळ्यात पडून घरी गेला. पूजा असेल, ग्रहशांत असेल, वाहनाची दृष्ट काढायची असेल, असे त्याने अनेक तर्क केले. पत्नीने दुसऱ्या दिवशी पोते पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अहो, दिवाळीला मी एक डबा आणते, तो तुळशीच्या लग्नापर्यंत पुरवते! हे काय देवळापर्यंत घालायचंय?"

"हो," दारातून आत येत गुरुजी म्हणाले, "देवळापर्यंतच."

घरापासून देवळापर्यंतची गल्ली सिमेंटची होती. सपाट आणि सरळ. गुरुजींच्या सांगण्यावरून नवराबायकोने ती रांगोळी चाळणीने साऱ्या गल्लीत पसरली, दव पडावे तशी विरळ आणि सारखी. पोस्टमास्तर बाहेर आले. "कुणी मंत्री येणार आहेत की काय?"

"नाही," गुरुजी म्हणाले, "एक प्रश्न येणार आहे. जरा भिंतीला लागून उभे राहा."

मग त्यांनी शिष्याला सांगितले, "आता तुझी मोटार हिच्यावरून देवळापर्यंत ने. हळू ने, पण शक्य तितकी सरळ ने."

शिष्य आत बसला.  एवढ्याशा गल्लीत भिण्यासारखे काय आहे, हे त्याला उमगेना. पण आयुष्यात कोणतीही परीक्षा देताना छाती अशी धडधडली नव्हती. निळी मोटार त्या शुभ्र पटावरून डौलाने, जराही आवाज न करता गेली आणि देवळापाशी थांबली. पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली.

"उतर," गुरुजींनी हाक मारली, "आणि तिच्याकडे बघू नको. मागे ये. वाटेकडे बघ."

शिष्य मागे आला. रांगोळीवर चाकांच्या दोन रेघा असायला हव्या होत्या. दोन होत्याही; पण प्रत्येक रेघ दुहेरी होती. पुढच्या चाकाने उमटवलेली नक्षी मागच्या चाकाने पुरती झाकली नव्हती. ते तिच्या शेजारून, दोन बोटे सरकून गेले होते. घरापासून देवळापर्यंत, कुठेही खंड न पडता.

 तो घाईने म्हणाला, "गुरुजी, असं असतं. पुढच्या दोन चाकांतलं अंतर आणि मागच्या दोन चाकांतलं अंतर कंपनीच थोडं वेगळं ठेवते. त्यात काही विशेष नाही."

"असेल," गुरुजी म्हणाले. "मला मोटारींतलं कळत नाही. पण मागचं अंतर जास्त असेल, तर एक चाक डावीकडे बाहेर पडेल आणि दुसरं उजवीकडे बाहेर पडेल. कमी असेल, तर दोन्ही आत येतील. इथे दोन्ही उजवीकडेच का सरकली?"

शाळेतल्या फळ्यासमोर उभे राहावे तसा तो त्या रेघांसमोर उभा राहिला. उत्तर एकच होते. धडकेने मागचे डावे चाक पुढे रेटले गेले होते. पुट्टीच्या आणि रंगाच्या आड मोटारीचा सांगाडा अजूनही पिळलेलाच होता. मागची चाके एका दिशेला पाहत होती आणि मोटारीचे तोंड दुसऱ्या.

"तुम्हाला कसं कळलं?" त्याने विचारले.

"परवा तू माझ्या घरावरून गेलास. पुढे गेल्यावर मला मागून तुझ्या मोटारीची डावी कूस दिसली. सरळ जाणाऱ्याची कूस मागे उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही. पण मी सांगितलं असतं, तर तू मला मोटारी शिकवल्या असत्यास."

पोस्टमास्तर एकदम गंभीर झाले होते. पत्नी मात्र रेघांकडे पाहतच नव्हती. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ती हळूच म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं."

त्याने नाही म्हटले नाही. स्टिअरिंगचा सरकवलेला दाता, वळणावरची ती घसरण, न पाहिलेली वाळू, सारे त्याने सांगून टाकले. सांगताना त्याचा आवाज बारीक होत गेला.

"आणि यात तुम्ही केतकीला बसवणार होतात? घाट उतरताना? या दिवसांत?"

  तो गुरुजींच्या पायांशी, दाराच्या पायरीवर बसला. "गुरुजी, मी तुमच्याकडे मनःशांती मागायला आलो होतो."

गुरुजी म्हणाले, "म्हणून तर ती दिली नाही. ऐक. या मोटारीत तू किती तरी गोष्टी दुरुस्त केल्यास. पण जे डोळ्यांना दिसत होतं ते दुरुस्त केलंस, आणि जे दिसत नव्हतं ते सजवलंस. टेप घेऊन दोन्ही बाजूंच्या चाकांतलं अंतर मोजायला किती वेळ लागला असता? तुला मोजता येत नव्हतं असं नाही. मीच शिकवलं आहे. तू मोजलं नाहीस, कारण उत्तर काय येईल हे तुझ्या हातांना स्टिअरिंगवर कळलं होतं. ते हात गप्प बसेनात, तेव्हा तू चाक सरकवलंस. घास घशाखाली उतरेना, तेव्हा स्तोत्र मागायला आलास. अरे, या साऱ्या खटाटोपात तुझी काळजी एवढी एकच वस्तू निर्दोष चालत होती. आणि तीच तुला बंद करून हवी होती."

 वाऱ्याने रांगोळी हळूहळू विस्कटू लागली. रेघांच्या कडा पुसट झाल्या. आता त्या असल्या काय आणि नसल्या काय.

शिष्य उठला, फोन काढला आणि सर्वांसमोरच व्याह्यांना लावला.

"उद्या येतोय केतकीला न्यायला. पण मोटार आणत नाही. एस.टी.ने येतो, आणि परतताना तिथूनच एखादी भाड्याची गाडी ठरवतो."

"का हो?" पलीकडून आवाज आला, सर्वांना ऐकू जाईल इतका मोठा. "निळी निळी म्हणून फोटो पाठवत होतात ती कुठे गेली?"

"तिचा सांगाडा वाकलेला आहे."

"वाकलेला? पण चालते ना?"

"चालते. म्हणूनच भीती वाटते."

 व्याही मोठ्याने हसले. "म्हणजे एवढा गाजावाजा करून शेवटी लाल डबाच! बरं आहे बुवा तुमचं." त्याने ते हसू संपेपर्यंत फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपण दुखावले जाऊ, अशी त्याची अपेक्षा होती. तो वाट पाहत राहिला. पण तसे काहीच झाले नाही. मग त्याने विचारले, "केतकीचे पाय सुजले होते, आता कसे आहेत?"

पलीकडचा स्वर बदलला. "उतरलेत थोडे. काल डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. या तुम्ही सावकाश."

फोन ठेवून त्याने पत्नीकडे पाहिले. ती केरसुणी आणायला आत वळली.

ज्या काळजीचे कारण आपल्याला कुणाला सांगवत नाही, ते कारण बहुधा आपल्याला ठाऊक असते.