भाताच्या शितांनी चिकटवलेली पट्टी

“पण गुरुजी, ज्याच्यावाचून अडत नाही, ते ठेवायचं कशाला?”

भार्गवने उद्या टपालात टाकायचा निबंध पुढे केला. सहा वर्षांचं गणित. साध्या आकड्यांऐवजी जिथे ऑपरेटर गुणायला येतात, अशा ‘मॉड्यूल’ नावाच्या रचनांचं. म्हणणं एवढंच, की ज्यांतून बाकी सगळं उभं राहतं त्या घटकांच्या चौकटीतलं जादा ते काढत गेलं, की खाली नेमका आधार उरतो: एकही कमी नाही, एकही जास्त नाही. कुठेही. नेहमी.

गुरुजी जेवत होते. त्यांनी पहिलं पान पाहिलं.

“तुझ्या बरोबरीनं काम करणाऱ्या वत्सलेचं नाव दिसत नाही?”

“तिचं सगळं माझ्याच कामातून निघतं. जादा होतं. काढलं.”

“हं...”

गुरुजींनी शेवटचं पान गुडघ्याखाली दाबलं आणि डाव्या हाताने त्याची लांब पट्टी टर्रकन फाडली.

सिद्धता त्याच पानावर संपत होती.

गुरुजींनी पट्टीला अर्धा पीळ दिला. ताटातल्या दोन शितांनी टोकं चिकटवली.

“घे. हेही तुझं मॉड्यूलच. पट्टीच्या रुंदीत एक बाण काढ. त्याला लागून दुसरा. अशी फेरी पुरी कर. लहानमोठा कर, पण एकदम उलटवू नकोस. शून्यही करू नकोस. जमलं, की तोच एक तुझा आधार.”

“एवढंच?” भार्गव हसला. पेन काढलं.

फेरी पुरी झाली. त्याने कडं उजेडापुढे धरलं. शेवटच्या बाणामागून पहिला दिसत होता... खाली डोकं, वर शेपूट.

त्याने पुन्हा काढून पाहिलं. पुन्हा तेच.

“जुळवायचा तर हा... कुठेतरी निजणारच. शून्य होणारच.”

“मग त्या जागी?”

“दुसरा बाण हवा. दुसरीकडे निजणारा. एक पुरत नाही. दोन जास्त होतात. मग आधार कुठे आहे, गुरुजी?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“इथे आधार नाहीच. चौकट आहे, ह्या दोन बाणांची.”

भार्गवने कडं खाली ठेवलं. सहा वर्षं...

गुरुजींनी ताटात हात धुतला. मग त्याच्या पाठीवर ओला हात ठेवला.

“तिसऱ्या वर्षी तुला विषमज्वर झाला होता ना रे?”

“हो. चार महिने अंथरुणाला खिळून...”

“तुम्हा दोघांच्या कच्च्या वहीतली त्या चार महिन्यांची पानं कुणाच्या अक्षरात आहेत?”